जनुक गप्प केलं की गाठ थांबते का?

या महिन्यातल्या पत्रांपैकी तीन एकाच विषयाभोवती फिरतात. म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण ते दोन ओळींत उरकण्यासारखं पत्र नाही.

पत्र पहिलं

मॅडम, सप्रेम नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची आहे. दिवाळीच्या सुमारास तिचं पोट फुगायला लागलं. गॅस समजून आम्ही दोन महिने घालवले. मग ओव्हरीचा कॅन्सर निघाला. रिपोर्टवर ‘हाय ग्रेड सीरस, स्टेज ३ सी’ असं लिहिलंय. तीन किमो, मग ऑपरेशन, पुन्हा तीन किमो झाले. शेवटचा डोस होऊन तीन आठवडे झालेत. रक्तातलं सीए १२५, म्हणजे या कॅन्सरचा अंदाज देणारं प्रथिन, अकराशेच्या वर होतं, ते १८ वर आलं. पुण्याला असणाऱ्या माझ्या भावाने एक लेख पाठवला. त्यात म्हटलंय की एक जीन ‘सायलेंट’ केला की ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबते. हे आईला मिळेल का? परदेशी न्यावं लागेल का? ओपीडीत विचारायचं राहून जातं, मागे शंभर माणसं उभी असतात.
एक वाचक, भांडुप

उत्तर

ताई, आधी सरळ उत्तर देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. ओव्हरीच्या कॅन्सरसाठी जनुक गप्प करणारं असं औषध आज जगात कुठल्याही दुकानात, कुठल्याही रुग्णालयात नेहमीच्या उपचारात मिळत नाही. त्यामुळे आईला परदेशी नेण्याचा विचार मनातून काढून टाका. पण भावाने पाठवलेला लेख खोटा नाही. आणि त्याच विषयातली एक गोष्ट आईच्या आजच्या उपचाराशी थेट जोडलेली आहे. ती विचारायला तुमच्याकडे पाचच आठवडे आहेत. ती शेवटी सांगते, पण ती कळण्यासाठी मधलं थोडं वाचावं लागेल.

जनुक म्हणजे घराचा मूळ दस्त समजा. तो पेशीच्या तिजोरीत, म्हणजे केंद्रकात असतो आणि तिथून हलत नाही. काम करायचं झालं की त्याची झेरॉक्स निघते. ती बाहेर कारागिरांकडे जाते आणि ते तिच्याबरहुकूम प्रथिन बनवतात. या झेरॉक्सला आम्ही एमआरएनए म्हणतो. आता एखादं प्रथिन बनू द्यायचं नसेल तर तीन वाटा आहेत. मूळ दस्तच जाळायचा, दस्ताच्या कपाटाला कुलूप घालायचं, किंवा दस्ताला हात न लावता बाहेर आलेली प्रत्येक झेरॉक्स फाडायची. भावाच्या लेखात बहुधा तिसरी वाट असणार. पेशीत आरएनएचा एक बारीकसा दुहेरी तुकडा सोडतात, जेमतेम २१ अक्षरांचा. त्याचं नाव एसआयआरएनए. पेशीची स्वतःचीच यंत्रणा हा तुकडा हातात धरून जुळणारी झेरॉक्स शोधते आणि कापते.

ही यंत्रणा माणसाने तयार केलेली नाही, ती निसर्गात होतीच. १९९० मध्ये अमेरिकेत काही जणांना पेटुनियाची जांभळी फुलं आणखी गडद करायची होती. त्यांनी रंगाचं जनुक जादा घातलं आणि फुलं पांढरी आली, काही ठिपक्याठिपक्यांची. जादा घातलेल्याने मूळचंही गप्प केलं होतं. असं का झालं याचा उलगडा १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक जंतावर प्रयोग करून केला. २००१ मध्ये हीच युक्ती माणसाच्या पेशींत चालते असं दिसलं आणि २००६ मध्ये फायर-मेलोंना नोबेल मिळालं. मी तेव्हा परळला पेशींच्या प्रयोगशाळेत होते. हे नवं हत्यार आमच्याही हातात आलं होतं. त्या दिवसांचा उत्साह अजून आठवतो. ज्या जनुकाचं काम कळायला आधी वर्ष-दोन वर्षं जायची, ते आता आठवड्यात कळू लागलं होतं.

‘वाढ थांबली’ म्हणजे आम्ही नेमकं काय बघतो ते सांगते. ३७ अंशांच्या उबवणीपेटीत कॅन्सरच्या पेशी वाढत असतात. त्यांच्याभोवतीचं खाद्य गुलाबी असतं, पेशी फार झाल्या की ते पिवळं पडतं. अशा पेशी सारख्या मोजून दोन भागांत घालायच्या. एका भागाला ठरलेल्या जनुकाचा एसआयआरएनए द्यायचा, दुसऱ्याला तितकाच लांब पण कशाशीच न जुळणारा तुकडा द्यायचा. दोन दिवसांनी आधी प्रथिन खरंच कमी झालंय का ते तपासायचं. मग एमटीटी नावाचा पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. शहाण्णव खळग्यांची ती पारदर्शक पट्टी उजेडात धरली, आणि एका बाजूचे खळगे गडद जांभळे व दुसऱ्या बाजूचे फिकट दिसले, की छातीत धडधडतंच. बत्तीस वर्षं हे काम करूनही माझी ती धडधड गेली नाही.

उदाहरण द्यायचं तर सायक्लिन ई घ्या. पेशीने विभागायला सुरुवात करावी म्हणून मागून रेटा देणारं हे प्रथिन. तुमच्या आईसारख्या हाय ग्रेड सीरस, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये साधारण पाचांतल्या एका गाठीत याच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. अशा पेशींमध्ये ते गप्प केलं की त्या अडखळतात, विभागणं थांबवतात, पुष्कळशा मरतात. ज्या पेशींत त्याच्या प्रती वाढलेल्याच नाहीत, त्यांना तेवढा फरक पडत नाही. म्हणजे ‘एक जीन बंद केला की ओव्हरीचा कॅन्सर थांबतो’ हे वाक्य निम्मंच आहे. कोणाच्या कॅन्सरमधला कोणता जीन, हे त्यात यायलाच हवं.

आणि ‘वाढ थांबली’ या शब्दांतही तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरलेल्या असतात. पेशी हळू विभागू लागल्या, पेशी मेल्या, किंवा पेशी जिवंत राहिल्या पण इकडून तिकडे सरकेनाशा झाल्या. रुग्णाच्या दृष्टीने या तिन्हींची किंमत सारखी नाही. लेख परत वाचाल तेव्हा यातलं काय लिहिलंय ते बघा.

मग एवढं दिसत असताना औषध का नाही? मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगते.

प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या पेशी तळाला चिकटून, एकेकट्या, पसरून बसतात. त्यांना एसआयआरएनए स्निग्ध पदार्थाच्या थेंबात गुंडाळून दिला की जवळजवळ प्रत्येक पेशी तो घेते. एकदा आम्ही त्या ठरलेल्या पेशी सोडून खऱ्या रुग्णाच्या पोटातलं पाणी आणलं, अर्थात तिच्या लेखी परवानगीने. तुमच्या आईचंही असं पाणी काढलं असणार. दोन लिटरची बाटली, रंग सरबतासारखा पिवळट, तळाशी साबुदाण्याहून बारीक कण. सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की तो प्रत्येक कण म्हणजे शेकडो पेशींचा गोळा आहे. आम्ही त्यांना हिरवं चमकणारा एसआयआरएनए दिला आणि दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बघायला बसलो. प्रत्येक गोळ्याभोवती हिरवी कड होती, चंद्राला खळं पडतं तशी. आत मात्र काळोख. बाहेरच्या दोन-तीन थरांतल्या पेशींनी तुकडा घेतला होता. आतल्यांपर्यंत तो पोचलाच नव्हता. माझ्या शेजारी बसलेली मुलगी काही बोलली नाही, तिने नुसता दिवा लावला. ते चित्र मी आजवर विसरले नाही, आणि ‘जीन सायलेंट करून कॅन्सर बरा’ असं वाचलं की मला आधी तो आतला काळोखच आठवतो.

आणि तो गोळा तर आमच्या हातातल्या खळग्यात होता. शरीरात अडचणी याहून जास्त. उघडा एसआयआरएनए रक्तात सोडला तर रक्तातली विकरं त्याचे तुकडे करतात आणि उरलेला मूत्रपिंडं गाळून टाकतात. गुंडाळून दिला तर तो मुख्यतः यकृताकडे जातो. म्हणूनच आजवर मंजूर झालेली अशी औषधं मुख्यतः यकृतावर काम करतात. पहिलं पॅटिसिरान, २०१८ मध्ये, नसांना आणि हृदयाला धरणाऱ्या एका आनुवंशिक आजारासाठी. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान सुरुवातीच्या दोन इंजेक्शनांनंतर वर्षातून दोनदाच घ्यावं लागतं. ही मोठी कामगिरी आहे, मला तिचं मनापासून कौतुक वाटतं. पण यकृत हा एक अवयव आहे, जागेवर बसलेला. ओव्हरीचा कॅन्सर पोटाच्या पडद्यावर, आतड्यांवर, ओमेंटमवर म्हणजे आतड्यांपुढच्या चरबीच्या पदरावर, रवा सांडावा तसा पसरतो.

दुसरी अडचण वेळेची. झेरॉक्स फाडली तरी मूळ दस्त तिजोरीत शाबूत आहे, मशीन चालूच आहे. पेशी विभागत गेली की आत शिरलेला तुकडा वाटला जाऊन विरळ होतो आणि काही दिवसांत जनुक पुन्हा बोलू लागतं. म्हणजे परत परत द्यायला हवं. तिसरी गोष्ट, एकाच पोटातल्या सगळ्या गाठी सारख्या नसतात. एका जनुकावर जगणाऱ्या पेशी मेल्या तरी दुसऱ्यावर जगणाऱ्या मागे राहतात.

तरी माणसं थांबलेली नाहीत. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातल्या अनिल सूद आणि गॅब्रिएल लोपेझ-बेरेस्टीन यांच्या गटाने २००५ मध्ये एफए२ नावाच्या प्रथिनाविरुद्धचा एसआयआरएनए चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत भरून उंदरांना दिला. ओव्हरीच्या कॅन्सरच्या गाठी लहान झाल्या, पॅक्लिटॅक्सेलबरोबर दिल्यावर आणखी. तुमच्या आईच्या किमोत बहुधा तेच पॅक्लिटॅक्सेल होतं. ते औषध पुढे माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचणीपर्यंत आलं आहे. उंदरापासून तिथवर यायलाच इतकी वर्षं लागली. त्यात कोणाचा आळस नाही, हे काम कठीणच आहे.

आता तुमच्या आईच्या कामाचं.

मघाशी कुलुपाची वाट सांगितली होती. जनुक गप्प करण्याची ही कला कॅन्सरला आपल्या आधीपासून येते. डीएनएवर मिथाइल नावाचे रासायनिक ठिपके बसवून तो नको असलेल्या जनुकाचं कपाट बंद करून टाकतो. दस्तातलं एक अक्षरही बदललेलं नसतं, पण उघडता येत नाही. बीआरसीए १ हे असं एक जनुक. डीएनए तुटला की तो नीट जोडणं हे त्याचं काम. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासने हाय ग्रेड सीरस गाठींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ११ टक्के गाठींत बीआरसीए १ असं कुलूपबंद सापडलं. आणि सुमारे २२ टक्क्यांत बीआरसीए १ किंवा बीआरसीए २ या जनुकांत प्रत्यक्ष बिघाड होता, त्यातला बराचसा जन्मापासूनचा, आईवडिलांकडून आलेला. डीएनए जोडणाऱ्या इतर जनुकांतले बिघाड धरले तर जवळपास निम्म्या गाठींना तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही.

हे कॅन्सरचं दुबळेपण आहे, आणि त्याच्यासाठी गोळी आहे. पेशीकडे दुरुस्तीचे दोन मार्ग असतात, लोकलच्या स्लो आणि फास्ट ट्रॅकसारखे. बीआरसीए गेलं की एक ट्रॅक बंद. दुसरा पार्प नावाच्या विकराच्या जोरावर चालतो. ओलापॅरिबसारखी गोळी तोही अडवते आणि मग ती पेशी मरते. शरीरातल्या निरोगी पेशींचा पहिला ट्रॅक चालू असतो, त्या बऱ्याच अंशी तगतात. ही गोळी २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. २०१८ मध्ये बीआरसीएत बिघाड असलेल्या आणि पहिल्या किमोला चांगला प्रतिसाद दिलेल्या ३९१ स्त्रियांवरच्या चाचणीचे निकाल आले. तीन वर्षांनी, गोळी घेतलेल्यांपैकी ६० टक्के स्त्रियांचा आजार पुढे सरकला नव्हता. नुसती साखरगोळी मिळालेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं.

त्या चाचणीत शेवटच्या किमोनंतर आठ आठवड्यांच्या आत गोळी सुरू केली होती. तुमच्या आईचे तीन गेले. मघाशी म्हटलेले पाच आठवडे ते हेच.

म्हणून पुढच्या ओपीडीत मागे शंभर काय, हजार माणसं असली तरी एवढं एकच विचारा: “आईची बीआरसीए आणि एचआरडी तपासणी झाली आहे का? झाली असेल तर रिपोर्ट काय? नसेल तर या आठवड्यात करता येईल का?” हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि फाइलच्या पहिल्या पानाला टाचा. डॉक्टर फाइल उघडतील तेव्हा त्यांना आधी तेच दिसेल. बीआरसीए रक्तातून बघतात आणि गाठीतूनही. एचआरडी म्हणजे गाठीला तुटलेला डीएनए जोडता येतो की नाही याची तपासणी. तिच्यासाठी गाठच लागते, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी मेणात घालून ठेवलेला ब्लॉक. तो पॅथॉलॉजी विभागाकडे अर्ज करून मिळतो. अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून घाई सांगते आहे. गोळी महाग आहे. त्याच दिवशी मेडिकल सोशल वर्करच्या खोलीत जाऊन या, त्यात संकोच करू नका.

निकाल ‘नाही’ आला तर आई उपचाराविना राहिली असं समजू नका. अशा वेळी या गोळीचा फायदा कमी असतो, डॉक्टर दुसरा विचार करतील किंवा नुसतं लक्ष ठेवतील. आणि रक्तातल्या तपासणीत जन्मजात बिघाड निघाला, तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्या भावातही निम्मी. भावाला आवर्जून सांगा. हे जनुक बापाकडूनही मुलीला जातं, आणि पुरुषांच्या हे गावीही नसतं.

पत्र दुसरं

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात एसकेओव्ही-३ या ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशींना एसआयआरएनए दिला, एमटीटीत वाढ ४० टक्क्यांनी कमी दिसली. सर म्हणतात एवढ्यावर ‘हे जनुक वाढीला लागतं’ असं लिहिता येणार नाही. मला खूप वाईट वाटलं. माझं काय चुकलं?
एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर

तुझं चुकलं काही नाही, काम अर्धं झालंय. वाईट वाटून घेऊ नकोस, उरलेलं कर.

एमटीटी पेशी मोजत नाही, पेशींची चयापचयाची हालचाल मोजतो. तुझ्या जनुकाने नुसती ती हालचाल मंदावली असेल तरी खळगे फिके दिसतील. म्हणून मेलेल्या पेशीच रंगवणारा ट्रिपॅन ब्लू घालून हाताने पेशी मोज, आणि वसाहतींची तपासणी कर: प्लेटमध्ये थोड्याच पेशी पेर, दहा-बारा दिवस वाढू दे, क्रिस्टल व्हायोलेटने रंगव. जांभळे ठिपके मोजताना डोळे दुखतात, पण त्या ठिपक्यांशी वाद घालता येत नाही. एसआयआरएनएचा असर तोवर टिकेल का, हेही त्याच वेळी तपास.

दुसरं, एकाच जनुकाविरुद्ध एकाच तुकड्यावर विसंबू नकोस. २१ अक्षरांतली सात-आठ जुळली तरी एसआयआरएनए भलत्याच झेरॉक्स दाबून टाकतो. वेगळ्या जागी जुळणारे दोन-तीन तुकडे घे, सगळ्यांनी तोच परिणाम दिला तर बळ येतं. त्याहून पक्कं हवं असेल तर जनुकाची अशी प्रत पेशीत घाल, जी तेच प्रथिन बनवते पण जिच्यातली अक्षरं तुझ्या तुकड्याशी जुळत नाहीत. वाढ परत आली तर सर स्वतःहून लिही म्हणतील. प्रथिन कमी झाल्याचा वेस्टर्न ब्लॉट हवाच. नुसती झेरॉक्स घटली एवढं पुरत नाही, काही प्रथिनं दिवसेंदिवस टिकून राहतात.

तिसरं तुला कुणी सांगितलं नसेल. २०१३ मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरच्या ४७ पेशीवंशांची खऱ्या गाठींशी तुलना प्रसिद्ध झाली. सर्वांत जास्त वापरले जाणारे एसकेओव्ही-३ आणि ए२७८० हे दोन्ही वंश हाय ग्रेड सीरस गाठींशी फारसे जुळत नाहीत असं त्यात दिसलं. जवळजवळ सगळ्या हाय ग्रेड सीरस गाठींत, ९६ टक्क्यांत, टीपी५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक बिघडलेलं असतं. एसकेओव्ही-३ मध्ये हे जनुक चालत नाही, पण बाकीचा नकाशा त्या आजाराचा नाही. म्हणून ओव्हकार-३ सारखा आणखी एक वंश घे. आणि मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत लपून वाढणाऱ्या बारीक जंतूची, तपासणी आजच कर. २००५ च्या २६ जुलैला मुंबई बुडाली तेव्हा आमच्याकडे वीज गेली, जनित्रात पाणी शिरलं, सकाळी उबवणीपेटी उघडली तर सगळं खाद्य पिवळं. चार महिन्यांचं काम गेलं. घाईघाईत दुसरीकडून पेशी आणल्या आणि त्यांत मायकोप्लाझ्मा निघाला, म्हणजे आणखी तीन महिने. पुरावर माझा इलाज नव्हता, तपासणी मात्र माझ्या हातात होती आणि ती मी केली नव्हती.

एक वाचून ठेव. २००८ मध्ये एक अभ्यास आला. ओव्हरीच्या ज्या गाठींत डायसर आणि ड्रोशा ही विकरं कमी होती, त्या स्त्रिया कमी जगल्या. लहान आरएनए घडवण्याचं काम हीच विकरं करतात. गप्प करण्याची यंत्रणाच मोडलेल्या गाठी असतात, असा त्याचा अर्थ. प्रबंधाच्या चर्चेत हे घाल, पण स्वतः समजून घेऊन घाल.

पत्र तिसरं

माझ्या पत्नीला ओव्हरीचा कॅन्सर दुसऱ्यांदा उलटला आहे. एका केंद्रात ‘जीन सायलेन्सिंग थेरपी’ देतो म्हणाले. सहा ड्रिप, आठ लाख रुपये, निम्मे आधी. कागदपत्रं काही लागत नाहीत म्हणाले. गावची जमीन विकायची तयारी आहे. भावाने आधी तुम्हाला विचार म्हटलं.
एक वाचक, लालबाग

उत्तर

दादा, पैसे देऊ नका. दिले असतील तर आजच परत मागा, आणि मागायला जाताना भावाला बरोबर न्या.

हे मी कशाच्या बळावर सांगते ते पहिल्या पत्राच्या उत्तरात आलंय: कॅन्सरसाठी मंजूर झालेलं असं एकही औषध नाही. मंजूर नसलेलं औषध माणसाला सहसा फक्त चाचणीत देता येतं. आणि आपल्याकडे चाचणीचे नियम स्पष्ट आहेत. प्रत्येक चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना नोंद सक्तीची आहे, आणि ती कोणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते. नैतिक समितीची मंजुरी लागते. रुग्णाला समजेल अशा भाषेत, म्हणजे तुमच्या पत्नीला मराठीत, सगळं सांगून सही घ्यावी लागते आणि सहीच्या कागदाची प्रत द्यावी लागते. चाचणीतलं औषध रुग्णाला विकत घ्यायला लावत नाहीत. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांनी बांधलेली आहे. ‘कागदपत्रं लागत नाहीत’ हे एकच वाक्य मला पुरेसं आहे.

ते कदाचित तुम्हाला म्हणतील, पवईच्या आयआयटीत आणि टाटात नाही का जीनचे उपचार करत? ते खरं आहे, पण ते वेगळं आहे. तिथे घडलेली कार-टी पेशींची, म्हणजे रुग्णाच्याच संरक्षक पेशी बदलून परत देण्याची, उपचारपद्धत २०२३ मध्ये मंजूर झाली, ती बी पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी, ओव्हरीसाठी नाही. त्या नावाचा आधार देऊन कोणी पैसे मागत असेल तर त्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो. दिला तर मला कळवा, मी स्वतः बघून सांगते.

आता वहिनींसाठी काय करता येईल ते. नेहमीच्या डॉक्टरांना विचारा की प्लॅटिनम गटातल्या औषधांच्या शेवटच्या किमोनंतर आजार किती महिन्यांनी उलटला. सहा महिन्यांहून जास्त गेले असतील तर तीच औषधं पुन्हा उपयोगी पडण्याची शक्यता बरी असते, कमी गेले असतील तर दुसरी औषधं देतात. बीआरसीए तपासणी अजून झाली नसेल तर आताही करून घ्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत खऱ्या चाचण्या चालू असतात. त्यांच्या दवाखान्याच्या काऊंटरवर ‘ट्रायल कोऑर्डिनेटर’ विचारा. आणि पॅलिएटिव्ह विभागात आजच नाव घाला. लोकांना वाटतं तो विभाग सगळं संपल्यावरचा. तसं नाही. पोटात पाणी भरलं असेल ते काढायला, दुखणं आणि उलटी थांबवायला, झोप लागावी म्हणून तीच माणसं सर्वांत हुशार असतात, आणि किमो चालू असतानाही बघतात.

जमीन विकायच्या आधी वहिनींना विचारलंत का? पत्रात त्यांचं म्हणणं कुठेच आलं नाही. आज संध्याकाळी शेजारी बसा, त्या केंद्राबद्दल सांगा, मी काय लिहिलं तेही वाचून दाखवा. त्या काय म्हणतात ते मला पुढच्या पत्रात लिहा. शक्य असेल तर त्यांनाच लिहू द्या.